आडातलं पाणी: आपल्याच बोलण्यावरून मन ओळखून पश्चात्तापाकडे कसं जावं

उन्हाळा कडक झाला की आमच्या खाडीकाठच्या काही विहिरी बदलतात. एरवी गोड असणारं पाणी मचूळ लागतं. जमिनीतलं गोडं पाणी खाली गेलेलं असतं आणि खाडीचं खारं पाणी आत सरकलेलं असतं. अशा वेळी पोहरा घासून पाणी गोड होईल असं कुणाला वाटत नाही. माझ्या बोलण्याच्या बाबतीत मात्र मी कित्येक वर्षं पोहराच घासत होते. कमी बोलायचं, राग आला की गप्प बसायचं, उपवासकाळाचे चाळीस दिवस कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, असे नेम केले आणि मोडले. प्रत्येक वेळी वाटायचं की जीभ आवरता आली म्हणजे झालं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतोच. येशू हेच उलट बाजूनं सांगतो: अंतःकरणात जे भरून वाहतं तेच तोंडावाटे बाहेर येतं (मत्तय 12:34, लूक 6:45). म्हणजे पोहऱ्यात जे आलं ते आडात होतंच. हे एकदा पटलं की आपल्या तोंडून निसटलेल्या वाक्याकडे बघायची दृष्टी बदलते. ते वाक्य लपवण्याची गोष्ट राहत नाही, आत काय साचलंय ते दाखवणारी खूण होते. पश्चात्तापाची सुरुवात तिथून करता येते.

मी गोव्यात, बार्देशात राहते, आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते. हा लेख त्या माणसांसाठी आहे ज्यांच्या तोंडून काहीतरी गेलेलं आहे आणि जे अजून मनात सलतंय. वचनं मी बोली मराठीत, अर्थाला धरून सांगते आहे. तुमच्या घरातली प्रत उघडून शब्द पडताळून बघा. काही प्रतींत स्तोत्रांच्या वचनांचे आकडे एकदोननं पुढे असतात. या गोष्टी आपल्या भाषेला परक्या नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण इथेच, रायतूरला, 1616 साली छापलं गेलं.

सुरू करण्याआधी एवढं समजून घ्या

बायबलमध्ये हृदय म्हणतात ते नुसतं भावनांचं घर नाही. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतला 'लेब' हा शब्द विचार करणं, ठरवणं, इच्छा धरणं या सगळ्याचं ठिकाण सांगतो. आपण त्यासाठी पोट म्हणतो. ओठात एक आणि पोटात एक, हे म्हणताना आपल्याला भूक अभिप्रेत नसते. तेव्हा 'मी मनानं चांगला आहे, फक्त तोंडानं फटकळ आहे' हा बचाव शास्त्राला मान्य नाही. हा बचाव मी स्वतः फार वापरलाय.

मत्तय 12:36 मध्ये येशू म्हणतो की माणसं जो प्रत्येक व्यर्थ शब्द बोलतील त्याचा हिशेब त्यांना द्यावा लागेल. मला हे वचन लहानपणी भीतीदायक वाटायचं. आता त्यातला 'व्यर्थ' हा शब्द नीट दिसतो. व्यर्थ म्हणजे विचार न करता, सहज टाकलेला. प्रार्थनेत उभं राहून आपण जे बोलतो ते तोलून मापून बोललेलं असतं. बाजारात, स्वयंपाकघरात, गाडी चालवताना, फोन ठेवल्यावर जे बोलतो त्यावर पहारा नसतो, म्हणून खरी साक्ष तेच देतं. इथे कोंकणीत शब्दाला 'उतर' म्हणतात. माझ्या मराठी कानाला ते दर वेळी 'उत्तर' ऐकू येतं, आणि या वचनापाशी तर फारच.

पहिली पायरी: वाक्य जसंच्या तसं लिहा

'काल जरा जास्त बोलले' असं लिहू नका. जे बोललात ते शब्दशः लिहा. कुणाला, कुठे, कुणासमोर, हेही.

माझं वाक्य देते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच वाक्यावर चालवून दाखवायच्या आहेत. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, पुरुमेंताची खरेदी चाललेली. मिरच्या, चिंच, सोलं, सुकी मासळी, पावसाळाभर पुरेल एवढं घरात भरायचं. आमच्या मंडळीतल्या एक बाई भेटल्या. बोलता बोलता माझ्या धाकट्या जावेचा विषय निघाला. तिनं आमच्याकडून पंधरा हजार रुपये घेतले होते आणि वर्ष होऊन गेलं तरी परत केले नव्हते. मी म्हणाले, "घेताना बरी तोंड वर करून येते, द्यायची वेळ आली की हिची तब्येत बिघडते."

तीन दिवसांत ते वाक्य डिचोलीला, तिच्या घरी पोचलं. त्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन होतं.

लिहिताना हात अडतो. अडला तर समजा बरोबर जागी आहात. आपण आठवणीतसुद्धा स्वतःची वाक्यं मऊ करून ठेवतो आणि दुसऱ्याची टोकदार. कागदावर ती लबाडी चालत नाही. मोबाइलवर टाइप केलेली वाक्यंही यात धरा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मग डिलीट केलेला मेसेज हा बोललेला शब्दच आहे. कुणाची तरी बदनामी करणारा मजकूर नुसता फॉरवर्ड केला असेल तरीही.

दुसरी पायरी: 'झालं' खोडा, 'केलं' लिहा

आपल्या मराठीत एक फार सोयीची रचना आहे. चूक 'होते'. शब्द 'जातो'. वाक्य 'निघून जातं'. 'माझ्याकडून बोललं गेलं' या वाक्यात बोलणारा माणूस जवळजवळ दिसेनासा होतो. मी कागदावर पहिल्यांदा लिहिलं होतं, 'बाजारात जावेबद्दल बोललं गेलं.' नंतर ते खोडून लिहिलं, 'मी जावेची निंदा केली.' या दोन ओळींमधलं अंतर कापायला मला दोन दिवस लागले.

याचे दोन नमुने शास्त्रात आहेत, दोन्ही राजांचे. पहिला शौल (1 शमुवेल 15). आज्ञा मोडून त्यानं लुटीतली चांगली मेंढरं राखून ठेवली. शमुवेलानं विचारलं तेव्हा तो म्हणाला की लोकांनी ती राखली, देवाला यज्ञ करायला. पुढे दाबल्यावर 'मी पाप केलं आहे' असं म्हणाला खरा, पण लगेच कारण जोडलं की मला लोकांची भीती वाटली. शेवटी तर त्यानं विनंती केली की पाप झालं तरी वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख. कबुलीचे शब्द बरोबर आहेत, पण मन अजून लोकांच्या नजरेत अडकलंय, आणि ते त्याच्याच पुढच्या वाक्यातून कळतं.

दुसरा दावीद (2 शमुवेल 12). त्याचं पाप शौलापेक्षा भयंकर. बथशेबेला घेतलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत मरायला पाठवलं. नाथान संदेष्टा आला आणि त्यानं गोष्ट सांगितली: एका श्रीमंतानं गरिबाची एकुलती एक, लेकीसारखी वाढवलेली मेंढी कापून पाहुण्याला जेवायला घातली. दावीद संतापून म्हणाला की तो माणूस मरणाला योग्य आहे, त्यानं चौपट भरपाई दिली पाहिजे. नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस. दाविदाच्या स्वतःच्या तोंडानंच त्याचा निवाडा केला होता. यावर त्याचं उत्तर मूळ हिब्रूत दोनच शब्दांचं आहे. मराठीत त्याचा अर्थ होतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. पुढे 'पण' नाही. बथशेबेचं नाव नाही.

तुमच्या कागदावर 'पण', 'कारण', 'तीसुद्धा' हे शब्द आले असतील तर त्यांच्याखाली रेघ ओढा. कारणं खोटी असतीलच असं नाही. माझी जाऊ पैसे देत नव्हती हे खरंच होतं. पण तो तिचा कागद आहे, माझा नाही.

तिसरी पायरी: खाली उतरा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. एक आठवडा लागला तरी चालेल.

मार्क 7 मध्ये हात न धुता जेवण्यावरून वाद चालला होता. येशू म्हणाला की बाहेरून आत जाणारं माणसाला अशुद्ध करत नाही, आतून निघतं ते करतं, आणि मग त्यानं आतल्या गोष्टींची यादी दिली. त्या यादीत खून आणि चोरीच्या रांगेत निंदा आहे, गर्व आहे, आणि हेवाही. हेव्यासाठी मूळ ग्रीकमध्ये शब्दशः 'वाईट डोळा' म्हटलंय. दुसऱ्याचं चांगलं आपल्या डोळ्यात खुपतं, असं आपण म्हणतो तेच ते.

आता वाक्य समोर ठेवून स्वतःला विचारायचं. मी स्वतःला काय विचारलं ते सांगते, तुमचे प्रश्न वेगळे असू शकतील.

मी त्या माणसाला काय म्हणून संबोधलं? माझ्या वाक्यात 'माझी जाऊ' कुठेच नव्हती. 'येते', 'हिची', एवढंच. नातं पुसून टाकलं होतं. घर सोडून सगळं उधळलेला धाकटा परत येतो, त्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत थोरला भाऊ अंगणात उभा राहून बापाशी असंच बोलतो. 'माझा भाऊ आला' असं तो म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो (लूक 15:30). बाप उत्तर देताना हळूच तो शब्द बदलतो: 'हा तुझा भाऊ.' मुलांना ही गोष्ट वर्षानुवर्षं शिकवताना मी धाकट्यावरच बोलत राहिले होते. थोरल्याचं हे वाक्य माझ्या घरातलं आहे, हे मला त्या आठवड्यात कळलं.

हे वाक्य किती दिवस तयार होतं? बाजारात ते मला सुचलं नव्हतं. भांडी घासताना, बसमध्ये बसल्यावर, मी ते मनात कितीतरी वेळा म्हटलं होतं. लूक 6:45 मध्ये भांडार असा शब्द आहे, माणूस आपल्या अंतःकरणाच्या भांडारातून बाहेर काढतो. आपण पुरुमेंत भरतो तसंच हे, पावसाळ्यासाठी बरणीत दाबून ठेवलेलं. फार सुबक, घोटीव असं कडवट वाक्य तोंडून आलं तर ते अचानक आलेलं नसतं.

ऐकणाऱ्याकडून मला काय हवं होतं? त्या बाईंकडून पैसे वसूल होणार नव्हते. मला हवं होतं की त्यांनी म्हणावं, तुझ्यावर अन्याय झालाय. अन्याय कसला? इथे मी फार वेळ थांबले, कारण पंधरा हजारांनी एवढं पेटायला नको होतं. मग आठवल्या सासूबाई. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात रात्री मी जागले, अंथरूण मी बदललं, आणि ग्लानीत त्या हाक मारायच्या धाकटीला. ती महिन्यातून दोनदा यायची आणि त्यांचा चेहरा उजळायचा. थोरला भाऊ म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय आणि मला कधी एक करडूही दिलं नाही. माझं करडू ते होतं.

वाक्य पैशाचं होतं, मत्सर सहा वर्षांचा होता. मी नुसती जीभ आवरली असती तर पैशाबद्दल बोलले नसते, मग तिच्या मुलांच्या मार्कांबद्दल बोलले असते.

तुमच्या विहिरीत दुसरं काही असेल. भीती असेल. पेत्राचं तसंच झालं. येशूला पकडलं त्या रात्री मुख्य याजकाच्या वाड्यात लोक या शिष्याला म्हणाले की तूही त्यांच्यातलाच, तुझ्या बोलीवरूनच कळतं (मत्तय 26:73). गालीलचा हेल लपला नाही. गोव्यात हे वेगळं सांगायला नको; चार शब्दांत कळतं की माणूस पेडण्याचा की साष्टीचा. त्याच्या जिभेनं आधी त्याचं गाव सांगितलं, आणि मग शपथा वाहून येशूला ओळखत नाही म्हणताना आतली भीती सांगितली. काही तासांपूर्वी तोच पेत्र मी तुमच्यासाठी मरेन म्हणाला होता. तेही तो खोटं बोलत नव्हता. आपल्या आत किती भीती आहे हे त्याला तोवर ठाऊकच नव्हतं.

खाली काही सापडत नाही असं वाटलं, तर तुम्हाला ओळखणाऱ्या आणि तुमची भीड न बाळगणाऱ्या एका माणसाला वाक्य दाखवा. दाविदालाही नाथान लागला.

चौथी पायरी: शब्द बरोबर घेऊन देवाकडे जा

होशेय 14:2 मला फार प्रिय आहे. शब्द बरोबर घ्या आणि परमेश्वराकडे परत या, असं संदेष्टा इस्राएलाला सांगतो. बैल नको, मेंढरं नकोत, शब्द आणा. ज्या तोंडानं बिघडवलं त्याच तोंडानं यायचं. आणि 'परत या' यासाठी हिब्रूत 'शूब' हा शब्द आहे. वाट चुकलेला माणूस वळून मागे फिरतो तेव्हा वापरायचा साधा शब्द. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेटानोइया' मन बदलण्याबद्दल आहे. दोन्हींत रडणं गृहीत नाही. रडू आलं तर येऊ द्या, पण नाही आलं म्हणून पश्चात्ताप खोटा ठरत नाही.

स्तोत्र 51 उघडा. दावीद नाथानानंतर हे बोलला अशी त्याची ओळख दिलेली आहे. त्यातला क्रम पाहा: दहाव्या वचनात तो म्हणतो, माझ्या ठायी शुद्ध हृदय निर्माण कर. मग पंधराव्यात, प्रभू, माझे ओठ उघड. आधी आड, मग पोहरा. 'निर्माण कर' यासाठीचं क्रियापद तेच आहे जे बायबलच्या पहिल्याच वाक्यात देवानं आकाश आणि पृथ्वी उत्पन्न केली तिथे येतं. दावीद दुरुस्ती मागत नाही, जे आपल्याला करता येत नाही ते मागतो. यशयाही तेच शिकला. मंदिरात देवाचं वैभव दिसल्यावर त्याला आधी आपले ओठ आठवले: मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे. त्यानं ओठ धुतले नाहीत. वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लावण्यात आला (यशया 6:5-7).

करायचं ते इतकंच. दार लावा, कागद समोर ठेवा, वाक्य मोठ्यानं वाचा, तिसऱ्या पायरीवर सापडलेलं नाव घेऊन मोठ्यानं कबूल करा, आणि नवं हृदय मागा. मोठ्यानं का, ते मला शेजारच्या कॅथलिक आंटीनं शिकवलं. संध्याकाळी त्या बाल्कांवात बसलेल्या असतात. कोरेज्म, म्हणजे उपवासकाळ, सुरू होता, त्या कुमसार करून आल्या होत्या, म्हणजे पाद्रीपाशी पापांची कबुली देऊन. मी विचारलं, देवाला मनात सांगितलं तर चालत नाही का? त्या म्हणाल्या, "पाद्रीक सांगतना हांवें म्हजेंच उतर म्हज्या कानांनी आयकलें." स्वतःचा शब्द स्वतःच्या कानांनी ऐकला. तुम्ही कॅथलिक असाल तर ही वाट तुम्हाला माहीतच आहे: मनापासूनचं दुःख, कबुली, आणि मग प्राचित, म्हणजे प्रायश्चित्त. आमच्यासारख्यांच्या मंडळीत पाळकांकडे किंवा एखाद्या विश्वासू बहिणीकडे जाता येतं. एकमेकांजवळ पापं कबूल करा, असं याकोब 5:16 सांगतंच.

एक धोका इथे आहे. येशूला धरून देणाऱ्या यहूदानंही कबुली दिली होती. निर्दोष रक्त धरून देऊन मी पाप केलं, असं तो म्हणाला (मत्तय 27:4), शब्द नेमके होते. पण ज्यांनी त्याला वापरलं त्या याजकांपुढे तो ते बोलला, आणि ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय? मग तो एकटाच निघून गेला. मत्तयानं तिथे 'मेटानोइया'च्या घराण्यातला शब्द वापरलेला नाही, पस्तावा सांगणारा वेगळा शब्द वापरलाय. पौल म्हणतो की देवाच्या इच्छेला धरून झालेलं दुःख पश्चात्तापाकडे नेतं आणि जगाचं दुःख मरणाकडे (2 करिंथ 7:10). पेत्रही ढसढसा रडला, पण तो इतर शिष्यांच्यात राहिला. तुमचं दुःख तुम्हाला माणसांपासून तोडत असेल, रात्री झोप लागू देत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लावत असेल, तर तो पश्चात्ताप नाही. त्याच दिवशी कुणाला तरी घरी बोलवा, आणि डॉक्टरकडे जायला संकोच करू नका.

पाचवी पायरी: त्या माणसाकडे

वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर (मत्तय 5:23-24). मी त्या रविवारी प्रभुभोजन घेतलं नाही. लोकांनी पाहिलं. त्यानंतर चौदा दिवसांनी डिचोलीची बस धरली.

जाण्याआधी एक प्रश्न सोडवा: तुम्ही जे बोललात ते त्या माणसाला माहीत आहे का? माहीत असेल तर गेलंच पाहिजे. माहीत नसेल, आणि तुम्ही जाऊन सांगण्यानं फक्त नवी जखम होणार असेल, तर माझ्या मते थांबा. मन हलकं करण्यासाठी दुसऱ्याच्या छातीवर दगड ठेवणं म्हणजे समेट नव्हे. तेव्हा सरळ सहाव्या पायरीवर जा.

एकटे जा. सणाच्या दिवशी जाऊ नका, पाहुणे असताना जाऊ नका, फोनवर उरकू नका. आपलं वाक्य आपण आधी उच्चारा, त्यांना आठवण करून द्यायला लावू नका. मग मनात काय होतं ते सांगा. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' हे वाक्य घरीच ठेवून जा. त्यात वाईट वाटणं ही समोरच्याची चूक ठरते. उसने पैसे, जमिनीचा वाटा, जुनी भांडणं, यातलं काहीही त्या बैठकीत काढू नका. माझे पंधरा हजार मी त्या दिवशी काढले नाहीत. आणि क्षमा तिथल्या तिथे मागून घेऊ नका. उधळ्या पुत्रानं भाषण पाठ करून आणलं होतं, आणि बापानं ते पुरं होऊ दिलं नाही. पण ती बापाची इच्छा होती, मुलाचा हक्क नव्हता.

जाऊ पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी म्हणाले, "बाजारात मी तुझ्याबद्दल असं असं बोलले. ते मी मत्सरानं बोलले. आई तुला हाक मारायच्या, ते मला सहन झालं नाही." ती बराच वेळ खाली बघून निवडत राहिली. मग म्हणाली, "मला ते वाक्य पाठ झालंय, ताई." आणि उठून चहा टाकला. तिनं क्षमा केली असं म्हटलं नाही. मी चहा प्यायले आणि साडेपाचची बस धरली.

इथले कॅथलिक लोक प्रभूच्या प्रार्थनेत 'भोगस' म्हणतात, क्षमा कर. शब्दाची व्युत्पत्ती सोडा, पण मला त्यात 'भोग' ऐकू येतो. क्षमा करणाऱ्याला काहीतरी भोगावं लागतं, म्हणून त्याला वेळ द्यायचा.

लहान मुलांकडेही असंच जायचं, त्यांच्या उंचीला बसून. आपण मुलांना रागात जे म्हणतो ते कित्येकदा ती आयुष्यभर स्वतःबद्दल म्हणत राहतात.

आणि एक गोष्ट ठामपणे. घरात ज्यांच्यावर हात उचलला जातो, ज्यांना रोज अपमान सोसावा लागतो, त्यांनी ते बाहेर सांगणं म्हणजे निंदा नव्हे. नाथानानं राजाला तोंडावर सांगितलं. कुणी निंदेबद्दलचं वचन दाखवून तुम्हाला गप्प बसवत असेल तर त्याचं ऐकू नका.

सहावी पायरी: ज्यांनी ऐकलं त्यांच्याकडे

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. मीही गाळणार होते.

जकातदार जक्कय येशूला बघायला चढला होता त्या झाडावरून उतरला, येशूला घरी नेलं, आणि कुणी न मागता म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत करतो (लूक 19:8). दाविदानं दुसऱ्याला चौपटीचा निवाडा सुनावला होता. जक्कय तो स्वतःवर घेतो. निंदेत आपण कुणाचं तरी नाव लुबाडलेलं असतं. ते परत करायचं तर जिथे टाकलं तिथेच जावं लागतं.

मी त्या बाईंना भेटले. म्हणाले, जावेबद्दल बोलले ते मत्सरानं बोलले, ते तुमच्याशी बोलायला नको होतं. त्या म्हणाल्या, "अगं, पण खरंच होतं ना ते?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कॅथलिक धर्मशिकवणीत इथे एक उपयोगी भेद केलेला आहे. खोटं सांगून नाव खराब करणं हे एक पाप, आणि योग्य कारण नसताना दुसऱ्याचा खरा दोष ज्याला माहीत नाही त्याच्यापुढे उघडा करणं हे दुसरं. दोन्हींची भरपाई करायला सांगितलेली आहे. मी दुसऱ्या प्रकारात होते. 'खरं होतं, आणि तरी मी सांगायला नको होतं,' एवढंच बोलले. त्यांना ते आवडलं नाही. पुढे काही महिने त्या माझ्याशी तुटक होत्या.

ग्रुपवर टाकलं असेल तर त्याच ग्रुपवर, तेवढ्याच ठळकपणे मागे घ्या. एका ओळीत. स्पष्टीकरणाची लांबण लावलीत तर लोक मूळ गोष्ट पुन्हा चघळतील.

सातवी पायरी: रोजची राखण

आता कुठे जिभेचा विषय. स्तोत्र 141:3 मध्ये दावीद मागतो की परमेश्वरा, माझ्या तोंडावर पहारा बसव, माझ्या ओठांचं दार सांभाळ. सकाळी घराबाहेर पडताना एवढंच म्हणा. आंटीच्या घरातल्या एका मीसला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, गेले होते तेव्हा पाहिलं, शुभवर्तमान वाचायच्या आधी सगळ्यांनी अंगठ्यानं कपाळावर, ओठांवर आणि छातीवर लहानसा खुरीस, म्हणजे क्रूस, काढला. मला ती रीत फार आवडली. आमच्याकडे ती नाही, पण बाजाराला निघताना माझा हात नकळत तिकडे जातो.

रात्री पाच मिनिटं वही घ्या. दिवसभरात तोंडून निघालेलं एक कडवट वाक्य आणि एक चांगलं वाक्यही लिहा. चांगलं लिहायला विसरू नका, कारण तेही भांडारातूनच येतं आणि भांडार बदलतंय का हे त्यावरून कळतं. इफिसकरांस पत्रात (4:29) पौल नुसतं कुजकं बोलू नका म्हणून थांबत नाही, ऐकणाऱ्याला ज्यानं कृपा मिळेल असं बोला, असं म्हणतो. गप्प राहणं हा शेवट नाही. पेत्राला येशूनं गप्प बसवलं नाही. कोळशाच्या विस्तवापाशी त्यानं तीनदा नाकारलं होतं, तसल्याच विस्तवापाशी येशूनं त्याला तीनदा विचारलं, तू माझ्यावर प्रेम करतोस का (योहान 18:18, 21:9-17). तीन नकार, तीन होकार, तेच तोंड. आणि पन्नासाव्या दिवशी, पेंटेकॉस्टच्या सणाला, त्याच तोंडानं तो हजारोंपुढे उभा राहून बोलला, आणि ऐकणाऱ्यांच्या अंतःकरणाला टोचणी लागली.

याकोब म्हणतो की एकाच झऱ्यातून गोड आणि खारं पाणी निघत नाही (3:11). माझ्या वहीत अजून दोन्ही असतं. काही आठवडे नुसतं खारंच. तेव्हा पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरू करते.

जाऊ यंदा मे महिन्यात स्वतःहून म्हापशाला आली. मिरच्या आम्ही दोघींनी मिळून घेतल्या. तिनं पैशातले सहा हजार दिले, बाकीचे दिवाळीपर्यंत म्हणाली. सासूबाईंबद्दल आम्ही दोघींपैकी कुणीच बोललो नाही.

कालच्या पानावर एक ओळ आहे: 'तुला काही सांगून उपयोग नाही.' मुलाला, सकाळी साडेआठला, तो कामावर निघताना, त्याच्या बायकोसमोर. तो आज साडेसहाला घरी येईल.